व्हिलेमकाकांच्या मागचं आकाश

तिश्नोव्ह, ११ सप्टेंबर १९९५

ब्लांका,

हे पत्र मी आपणहून लिहीत नाहीये. काल तुझा भाऊ कारखान्यात आला होता. मी आता ह्लादील मास्तरांकडे थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरतो, हे त्याने तुला कळवलं असेलच. धुळीत बूट खराब होऊ नयेत म्हणून रादिम दारातच उभा राहिला आणि तिथूनच म्हणाला, "ए कलाकार, ब्लांकाचा निरोप आहे. बाबांच्या दगडावर ओळखपत्रातला फोटो लावायचा नाही म्हणते. त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. तुझ्याकडे एखादा असेल तर दे."

"माझं नाव घेतलं तिने?"

"नाव कुठलं. 'त्याच्याकडे असेल' म्हणाली. लगेच चेहरा उजळू देऊ नकोस."

उजळला नव्हता. चेहऱ्यावर ग्रॅनाइटची भुकटी होती, त्यामुळे त्याला तसं वाटलं असेल.

असेल कशाला, आहे. जुलै संपत आला होता तेव्हा एका दुपारी तुमच्या घरामागच्या उतारावर मी व्हिलेमकाकांचे दोन फोटो घेतले. मोठ्या कॅमेऱ्यावर, तेरा बाय अठरा सेंटिमीटरच्या फिल्मच्या दोन शीटवर. त्यांनीच बोलावलं होतं. "तूरिनला पाठव तिला," म्हणाले. "म्हणावं, म्हाताऱ्याचे दोन्ही कान अजून जागेवर आहेत." कुठे उभं राहायचं तेही त्यांनीच ठरवलं. मागे झाड नको, भिंत नको, कुंपण नको. "फांदी मागे आली की डोक्याला शिंग फुटल्यासारखं दिसतं. स्टेशनवर सगळे मला आधीच बैल म्हणायचे." म्हणून ते उताराच्या माथ्यावर उभे राहिले आणि मी कॅमेरा खाली लावला. त्यांच्या मागे नुसतं आकाश आलं. ढगाळ, एका रंगाचं, कुठेही काही नसलेलं.

त्या दोन्ही शीट मी अजून धुतलेल्या नाहीत. काळ्या कागदात गुंडाळून डब्यात घातल्यात आणि डबा कपाटात स्वेटरांखाली आहे. ऑगस्टभर काका विचारत होते, "काय रे, निघालो का मी?" मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. मग एका आठवड्यात ते नव्हतेच.

का धुतल्या नाहीत, ते तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. मागे विटा असत्या, पानं असती, तर माझं धुणं कसंही चाललं असतं. फिल्म धुवायचा डेव्हलपर शीटवर एका जागी जास्त फिरला आणि दुसऱ्या जागी कमी, तर पानांत ते कुणाला कळत नाही. मोकळ्या आकाशात सगळं कळतं. कडेला फिकट पट्टा, मध्ये डाग, कोपऱ्यात लाट. आणि आपल्या दोघांत समतोल हात कुणाचा होता ते अख्ख्या वर्गाला माहीत होतं.

अंत्यविधीला तू खड्ड्याच्या पलीकडे उभी होतीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. खरं म्हणजे मला सध्या कशाबद्दलच फारसं काही वाटत नाही. आई म्हणते, तुला ताप आहे का बघ. ताप नाही.

मास्तर म्हणतात, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत प्रिंट हातात आली तर ब्रनोचा माणूस ती चिनी मातीच्या तबकडीवर भाजून देईल आणि दुशिच्कीच्या आत, म्हणजे सगळं गाव मेणबत्त्या घेऊन कबरींवर येईल त्या दिवसाच्या आत, दगडात बसेल. तोपर्यंत मी शिकतो. हात बसला की मगच डबा उघडीन.

फोटो मिळाल्यावर तू एक ओळ लिहिशील असं मला वाटतं. 'मिळाला' एवढं लिहिलंस तरी ती ओळच झाली.

हिनेक


तिश्नोव्ह, २५ सप्टेंबर

ब्लांका,

तुझं पत्र नाही. फोटो अजून पाठवलेला नाही, तेव्हा ते बरोबरच आहे.

मी आकाशाचे फोटो काढतोय. काम संपलं की कारखान्याच्या मागे कॅमेरा लावतो आणि नुसतं आकाश घेतो. खाली जमीन नाही, पक्षी नाही. मास्तर पहिल्या दिवशी बघत उभे राहिले. म्हणाले, "वर कुणी ओळखीचं आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग कुणाचा काढतोस?" कुणाचाच नाही म्हटल्यावर ते आत गेले आणि आपल्या बायकोला म्हणाले, "पोरगं कामाचं आहे, पण रात्री दार लावून झोपत जा."

धुतो न्हाणीघरात. खिडकीला घोंगडी, दाराखाली टॉवेल, टबवर फळी आणि फळीवर ट्रे. आधी मी ट्रे हलवायचो, शाळेत करायचो तसा. एका तालात, डावीकडून उजवीकडे. शीट वाळली की कडा जास्त काळ्या झालेल्या, म्हणजे प्रिंटवर कडा फिकट आणि मधोमध मळकट वर्तुळ. ट्रे शीटच्याच मापाचा होता, डेव्हलपर काठावर आपटून परत येत होता. मोठा ट्रे आणला. आता लाटा पडल्या. ताल मोडायचा म्हणून मध्येच थांबायला लागलो, तर थांबलो तिथे डाग. शीट उचलून उलटी करायची ठरवली, तर बोटं लागली तिथे बोटांचे ठसे. न्हाणीघर गार आणि माझी बोटं गरम. त्यांच्या उबेनेही फरक पडतो हे मला माहीत नव्हतं. तुला असणार. तू आधी हात नळाखाली धरून बसायचीस आणि मला वाटायचं तू नखं धुतेस.

आता मीही धरतो. बोटांतलं सगळं जाईपर्यंत. हात आपले नाहीत असं वाटायला लागलं की पाण्याबाहेर काढतो.

आई बाहेरून विचारते, "अजून किती?"

"दार उघडू नकोस."

"उघडत नाही रे. पण तुझ्या त्या फिल्मला आंघोळ होते, आमचं काय? मी शेजारच्या कालाबोव्हाबाईंकडे जाऊन येते. ती म्हणते, तुझ्या पोराने न्हाणीघरात लग्न लावलंय काय?"

"सांग, हो."

"सांगितलं."

मग परवा एक गोष्ट सुचली. मला सुचली म्हणत नाही, आई पाव भाजत होती ते बघून सुचली. ती हंसाच्या पिसांच्या जुडीने पावावर लोणी फिरवते तेव्हा पावाचा एकही कोपरा कोरडा राहत नाही आणि कुठेही साचत नाही. तिच्याकडे बाजारातून आणलेली एक नवी जुडी कोरी पडून होती. ती मागून घेतली. शीट ट्रेच्या तळाशी सपाट ठेवली, वर पातळ डेव्हलपर, आणि अंधारात पिसं फिरवत राहिलो. आडवी, उभी, तिरकी, परत आडवी. दाब नाही. पिसं शीटला लागतात की नाही हेही कळत नाही इतकंच.

काल एक आकाश असं निघालं की मी ते खिडकीला लावून बराच वेळ बघत बसलो. त्यात काहीही नव्हतं. चारही कोपरे सारखे. रादिम आला होता, त्यालाही दाखवलं. म्हणाला, "हा काय, कोरा कागद?"

तेव्हा माझ्या डोक्यात नेहमीसारखं काहीतरी वर आलं आणि तिथेच राहिलं. एरवी मी त्याला काय काय बोललो असतो. प्रागच्या परीक्षेत तुझ्या निगेटिव्ह बघून ते असिस्टंट साहेब म्हणाले होते ना, "बाईच्या हातच्या, स्वच्छ आणि रिकाम्या," आणि मी त्यांच्या चामडी बॅगेत फिक्सरचा अख्खा ट्रे ओतून परीक्षेतून उठून आलो. जिन्यात तू मला गाठलंस. तू आभार मानशील असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, "अपमान माझा होता. तोही तू पळवलास." मग तू तूरिनला गेलीस आणि मी इथे. मी ते चुकलं असं म्हणत नाहीये. बॅग चांगली होती एवढंच.

जुडी खिळ्याला टांगली आहे. अजून चार-पाच आकाशं धुतो, मग डबा.

हिनेक


तिश्नोव्ह, १६ ऑक्टोबर

ब्लांका,

एक शीट गेली.

काल हावेलचा सण होता. आईने शनिवारपासून गोड कोलाचे भाजले होते, खसखशीचे आणि आलुबुखाराच्या मुरंब्याचे. रादिमला जेवायला बोलावलं होतं, तुमच्याकडे आता करणारं कुणी नाही म्हणून. जेवण चांगलं चाललं होतं. आई त्याला वाढत होती आणि तो तिला मावशी मावशी करत होता. मग बोटं चाटत तो सहज म्हणाला, "ब्लांका येतेय बरं का. दुशिच्कीला."

मी म्हटलं, "बरं."

"एकटी नाही येत."

आई म्हणाली, "रादिम, अजून एक घे."

"घेतो मावशी. त्याला काय झालं एवढं? सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर हा तिथे कबरस्तानात कुणाच्या डोक्यावर मेणबत्त्या ओतायचा."

मी काही ओतलं नाही. टेबलावरून उठलो. ताटही सरकवलं नाही. कपाटातून डबा काढला आणि न्हाणीघरात गेलो. फोटो आत्ताच्या आत्ता निघाला पाहिजे आणि तुझ्या हातात पडला पाहिजे, तू त्या माणसाला घेऊन येण्याआधी, एवढं एकच डोक्यात होतं. हात पाण्याखाली धरले नाहीत. घोंगडी लावली, डेव्हलपर कालवला, दिवा घालवला. पहिली शीट उघडली, ओठाला लावून, चिकटते ती इमल्शनची बाजू बघितली, पाण्यातून काढून ट्रेमध्ये ठेवली. खिळ्यावरची जुडी घेतली आणि फिरवायला लागलो. आडवी, उभी, तिरकी. बाहेर रादिम हसत होता. मी जोरात फिरवली असेन.

दिवा लावला तेव्हा काका होते. टोपी हातात, दोन्ही कान. चेहरा असा नेमका की हनुवटीवर दाढी करताना कापलेलंही दिसत होतं. आणि वरच्या आकाशात, डोक्यावरून तिरपे, काचेसारखे कोरे पट्टे. शीट तिथे धुतलीच गेली नव्हती. डेव्हलपर तिथे लागलाच नव्हता. एक पट्टा उजव्या कानावरून थेट गालापर्यंत.

मी जुडी नाकाला लावली. चरबीचा वास आला.

आईला दाराशी बोलावलं. विचारलं, "ही जुडी तू वापरलीस?"

"जुनीची पिसं गळत होती रे. कोलाच्यांत पिसं कुणी खाईल का? पण मी धुऊन ठेवली होती. गरम पाण्याने."

"साबण?"

"जुडीला साबण कुणी लावतं? पुढच्या वेळी पावाला वास येतो."

बरोबर आहे तिचं. या देशातल्या कुठल्याही बाईने तेच सांगितलं असतं. ती दारात उभी होती. मी काहीतरी फोडेन याची वाट बघत होती. मीही बघत होतो. मग ती आत आली, टबच्या काठावर बसली आणि निगेटिव्ह दिव्यासमोर धरून म्हणाली, "व्हिलेम चांगला आलाय पण. पाऊस पडतोय वाटतं मागे?"

पाऊस नाही. निगेटिव्हवर कोरं असतं ते प्रिंटवर काळं होतं. आज प्रिंट काढली. पट्टे काळे आहेत, पिसांची एकेक काडी मोजता येते. प्रिंट काढताना ते झाकून बघितले. एवढे बारीक पट्टे झाकता झाकता कानच पांढरा पडला. सोडून दिलं.

एक शीट राहिली आहे.

मला राग आला पाहिजे हे मला कळतं. मी त्याची वाट बघून झोपलो. सकाळी उठून कामावर गेलो आणि एका बाईच्या दगडावर 'पुन्हा भेटू' कोरलं. अक्षरं सरळ आली.

हिनेक


तिश्नोव्ह, २१ ऑक्टोबर

ब्लांका,

कालाबोव्हाबाईंकडे गेलो होतो. त्यांचे सहा हंस अजून जिवंत आहेत, नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवशी ताटात जातील. म्हटलं, पंखाची थोडी पिसं पाहिजेत.

"मग मार्टिनपर्यंत थांब, अख्खा पंखच देते."

"आज पाहिजेत."

"जिवंत हंसाची उपटायला आलास? त्याने काय बिघडवलंय तुझं?" मग माझ्याकडे बघून त्यांनी पायाने खुराडं उघडलं. "जा, आतली पडलेली वेचून घे. पण तो पांढरा मोठा आहे ना, त्याच्याकडे पाठ करू नकोस. तोही तुझ्यासारखाच आहे, बोलायच्या आधी चावतो."

चावला. पोटरीला. पिसं सोड्याच्या पाण्यात उकळली, तीन वेळा धुतली, दोऱ्याने बांधली आणि माझ्या उशाशी ठेवली. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "तिकडे कशाला?" आणि मग स्वतःच म्हणाली, "बरं."

मास्तरांना सांगितलं की मला आज उशीर होईल. ते म्हणाले, "प्रिंट उद्या सकाळी ब्रनोच्या गाडीत बसली पाहिजे. कशीही असो. नाव आणि तारखा मी केल्यात. वरची जागा रिकामी ठेवून दगड उभा केला तर लोक विचारतील, व्हिलेमने काय पाप केलं."

हात गार पाण्यात धरले. बोटं गेली, मग मनगटं गेली. यावेळी मला काहीच लवकर करायचं नव्हतं. तू येणार होतीस, कुणाला तरी घेऊन येणार होतीस, काका नव्हते, आणि माझ्या हातांच्या जागी दुसऱ्या कुणाचे तरी हात होते. ते हात अंधारात पिसं फिरवत होते. मी ऐकत होतो. काहीही ऐकू येत नव्हतं, पिसांना आवाज नसतो. एकदा असं वाटलं की शीट नाहीच, मी नुसत्या पाण्यावरून हात फिरवतोय. मग फिक्सर. मग दिवा.

आकाश एकसारखं आलंय, ब्लांका. माझ्या हातून यापेक्षा बरं होणार नाही आणि तुझ्या हातूनही होणार नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत, वरपासून काकांच्या खांद्यापर्यंत, कुठेही काही चढत नाही की उतरत नाही.

काकांना चेहरा नाही. ते हलले आहेत. खांदे आहेत, टोपी आहे, हात आहेत आणि मानेच्या वर एका बाजूला वळलेला पुसट फराटा. एक कान दोन जागी आहे.

लांब एक्स्पोजर होतं. ढगाळ दुपार, मोठा कॅमेरा, लहान छिद्र. हलू नका, असं मी सांगितलं होतं.

मी टबच्या काठावर बसलो. आई बाहेरून म्हणाली, "जमलं का?" मी म्हटलं, जमलं. ती म्हणाली, "मग मी आत येऊ का? मला खरंच जायचंय." मी उठलो आणि तिला जागा दिली.

तबकडीसाठी पट्टे असलेली दिली आहे. ब्रनोच्या माणसाकडे पेन्सिलीने झाकायला वेळ नाही, तो आत्ता सगळ्या जिल्ह्याचे मेलेले भाजतोय. मास्तरांनी प्रिंट हातात घेऊन विचारलं, "हे डोक्यावर काय पडलंय?" मी सांगितलं. आधी पिसं, मग चरबी, मग सण. त्यांनी प्रिंट पाकिटात सरकवली. मग म्हणाले, "गावात कुणाला सांगू नकोस. म्हणावं, ऊन होतं."

तुलाही सांगितलं नसतं, पण तू आकाशाकडे बघणारच, म्हणून आधी लिहून ठेवतोय. तबकडीवरचे काळे पट्टे प्रिंटमधलेच आहेत. ते माझे आहेत.

हिनेक


तिश्नोव्ह, २ नोव्हेंबर

ब्लांका,

आज मी कबरस्तानातच होतो. तुझ्यासाठी नव्हतो. या दिवशी मास्तर मला आणि सिमेंटची बादली तिथे ठेवतात. वर्षभर न आलेले लोक येतात, दगडाला टेकतात आणि दगड हलतो. तुमच्या ओळीपासून तीन ओळी वर एका डॉक्टरच्या दगडाखाली मी पाचर मारत होतो.

तू दिसलीस. केस कापलेस. रादिम पुढे शेवंतीच्या कुंड्या घेऊन, आणि तुझ्यासोबत तो. माझ्यापेक्षा बुटका आहे, टक्कल पडायला लागलंय आणि प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता, चुकीच्या उच्चारात, ज्यांना कुणी करत नाही त्यांनाही. मलाही केला. मी पाचर हातात धरून केला परत. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस. दगडवाल्याकडे बघून हलवतात तशी होती, की माझ्याकडे बघून हलवतात तशी, ते मला नीट कळलं नाही.

काही झालं नाही. मी वाट बघितली, खरंच काही झालं नाही. माणूस बरा वाटला.

मग तुम्ही मेणबत्त्या लावल्या. वारा होता, तुझा तो माणूस टोपीच्या आड काड्या ओढत होता. तू तबकडीजवळ वाकलीस. बराच वेळ काकांकडे बघितलंस. मग तू हातमोजा काढलास आणि अंगठ्याने तबकडी पुसलीस. कानापासून वर. पट्टा गेला नाही. तू त्याच्याकडून रुमाल मागून घेतलास, त्याचं टोक जिभेवर ओलं केलंस आणि पुन्हा पुसलंस, पोराचं तोंड पुसतात तसं. मग रुमालाकडे बघितलंस, मळ आला का म्हणून. रुमाल पांढराच होता. तू परत पुसलंस. रादिम म्हणाला, "राहू दे, पावसाने जाईल."

तेव्हा मला कळलं.

तू माझं एकही पत्र उघडलेलं नाहीस.

मी तिथे येऊन सांगू शकलो असतो. तीन ओळींचं अंतर होतं. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात दुसऱ्या शीटची प्रिंट होती, पुठ्ठ्यात घालून आणली होती. डॉक्टरची बायको म्हणाली, "अहो, जरा डावीकडे, अजून डावीकडे," आणि मी दगड डावीकडे सरकवला. वर बघितलं तेव्हा तुम्ही फाटकाजवळ होता.

हे पत्रही पाकिटात घातलं तर तू उघडणार नाहीस. म्हणून घालत नाही. लिहिलंय ते माझ्यापाशी राहील. आईने सूप गरम केलंय, ती दोनदा हाक मारून गेली. मी जाऊन बसतो.

हिनेक


(फोटोच्या मागे, पत्त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात. तिकीट उजव्या कोपऱ्यात.)

४ नोव्हेंबर

ब्लांका,

याला पाकीट नाही, त्यामुळे उघडावं लागणार नाही. पोस्टमन वाचेल, रादिम म्हणतो तुझा तो सुद्धा आमची भाषा शिकतोय, तोही वाचेल. वाचू दे.

दगडावरच्या तबकडीवर मळ नाही. ते पट्टे माझ्या हातून पडलेत, आतमध्ये भाजलेले आहेत, घासू नकोस.

ही दुसरी शीट आहे. मागचं आकाश नीट धुतलंय. काकांचा चेहरा नाही, कारण ते वळले. शटर मिटल्यावर वळले असं मला तेव्हा वाटलं होतं, मिटायच्या आधी वळले हे धुतल्यावर दिसलं. त्यांना हलू नका म्हणून सांगितलं होतं आणि ते श्वास रोखून उभेही होते. पण तो रविवार होता. खाली घरात फोन वाजला. तू रविवारीच करायचीस. टोपी माझ्या अंगावर टाकून ते उतारावरून पळत गेले, आणि मी तिथे कॅमेऱ्याजवळ उभा राहून त्यांना ओरडून सांगत होतो की सावकाश, पडाल, ती थांबेल.

हिनेक